कालचा दिवस उघडणारे कटरे

तेजलाल कटरे यांच्याशी कालच्या गोष्टीवरून वाद घालण्यात अर्थ नसे. ते काल उघडून दाखवायचे.

लग्नपत्रिकेत थोरल्या काकांचं नाव राहून गेलं म्हणून कुणी तणतणत आला, की कटरे त्याला बसायला स्टूल देत, कीबोर्डवर एक शब्द टाइप करत आणि पडद्यावर कालचा दिवस येई. कालच्या कामांची यादी नव्हे, अख्खा कालचा दिवस. दुकान बंद होताना प्रत्येक फाइल जिथे आणि जशी होती तिथे, तशीच. गिऱ्हाइकाने काल दिलेला मजकूर त्यात असे, आणि त्यात थोरले काका नसत.

"पाहून घ्या जी," कटरे म्हणत. "काल तुम्हीच त्यांले बोलावलं नव्हतं."

गिऱ्हाईक पाहून घेई. पुढच्या वेळी ते दुसऱ्या दुकानात जाई.

मी तेव्हा एका दैनिकाचा जिल्हा वार्ताहर होतो आणि गोंदियाच्या बाजारामागच्या गल्लीत, कटऱ्यांच्या दुकानावरच्या खोलीत भाड्याने राहत होतो. दोन हजार साल नुकतंच उलटून गेलं होतं. गल्लीत कॉम्प्युटरची आणखी दुकानं होती. तिथे पत्रिका, बायोडाटा, अर्ज, वाढदिवसाच्या शुभेच्छा अशी कामं होत. कटऱ्यांकडेही तीच होत. फरक एवढाच, की इतरांच्या कॉम्प्युटरवरची सिस्टिम सगळ्या जगात चालत होती, आणि कटऱ्यांच्या कॉम्प्युटरवरची सिस्टिम, माझ्या माहितीप्रमाणे, नागपूर ते रायपूर या पट्ट्यात फक्त कटऱ्यांकडे चालत होती.

परदेशातल्या एका प्रयोगशाळेत काही संशोधकांनी ती बनवली होती. कॉम्प्युटरची रचना मुळापासून स्वच्छ ठेवली तर काय होतं, हे पाहण्यासाठी. बंगळुरूला नोकरीत असताना ती कटऱ्यांच्या हाती लागली. वडिलांची तब्येत बिघडल्यामुळे ते नोकरी सोडून गोंदियाला परतले तेव्हा कपड्यांची बॅग मागाहून पार्सलने आली. ती सीडी मात्र त्यांनी प्रवासभर शर्टाच्या आत छातीशी ठेवली होती.

"दोस्त म्हणाले, हे रिसर्चसाठी आहे, दुकानासाठी नाही," ते सांगत. "मी म्हटलं, दुकान म्हणजे काय मग?"

या सिस्टिममध्ये चित्रं नव्हती. पडदा फिकट पिवळा, त्यावर आखीव चौकटी आणि काळी अक्षरं. दुपारच्या वेळी बाहेरून दुकानात डोकावलं, तर अंधाऱ्या खोलीत कापणीला आलेल्या धानाच्या शेताचा एक तुकडा उभा करून ठेवल्यासारखा दिसे. नवीन गिऱ्हाईक त्याकडे बराच वेळ पाहत राही.

"भैया, इसमें स्टार्ट किधर है?"

"स्टार्ट हो चुका है," कटरे सांगत.

कीबोर्डवरची बाणांची बटणं त्यांनी उपसून काढली होती. माउसने जिथे बोट ठेवता येतं, तिथे बाणाने चालत जायचं कशाला, हा त्यांचा प्रश्न होता. एक काम, एक रस्ता. हे वाक्य ते दिवसातून अनेकदा म्हणत आणि त्यावर त्यांचा इतका विश्वास होता, की त्यांनी ते घरीही लावून पाहिलं. एका घराला दोन दारं कायले, असं म्हणून त्यांनी एका उन्हाळ्यात मागचं दार विटांनी बुजवलं. त्यावर त्यांची आई दुकानात येऊन काय म्हणाली, ते मी जिन्यावरून ऐकलं होतं.

"अरे, गाय मागून पान्यावर जात होती. आता तुझ्या बैठकीतून जाते. पाहुणे आले का पहिले गायीले नमस्कार करतात, मग मले."

"पण रस्ता एकच आहे न, माय?" कटरे म्हणाले. "आता ती चुकणार नाही."

गाय पूर्वीही कधी चुकली नव्हती.

हे वेड त्यांना बंगळुरूत लागलं असं लोक समजत. ते खरं नव्हतं. ते राइस मिलमध्ये लागलं होतं. कटऱ्यांच्या वडिलांची आमगाव रस्त्यावर छोटी मिल होती आणि तेजलालचं लहानपण तिथल्या भुशात गेलं होतं. मिलमध्ये एक यंत्र फक्त साल काढतं. दुसरं फक्त सोललेला आणि न सोललेला दाणा वेगळा करतं. तिसरं पॉलिश करतं, चौथं तुटका दाणा, म्हणजे कनकी, चाळून काढतं. कुणी कुणाच्या कामात हात घालत नाही. एकाने टाकलेलं दुसरा उचलतो, आणि इकडून धान गेला की तिकडून तांदूळ येतो. कवडशात भुसा तरंगत असायचा, पट्टे फिरत असायचे, आणि त्या एकसुरी आवाजात आपण पोत्यावर पडून दुपारभर हे पाहत असू, असं कटऱ्यांनी मला एकदा सांगितलं. बोलताना त्यांचे डोळे मिटले होते.

त्यांच्या सिस्टिममध्ये पत्रिका अशीच तयार होई. लिहिण्याचा प्रोग्रॅम फक्त लिहून घेई. जोडाक्षरं जोडायला दुसरा प्रोग्रॅम, तो कटऱ्यांनी स्वतः बनवला होता. समास पाडायला तिसरा, चौकट काढायला चौथा, प्रिंटरकडे पाठवायला पाचवा. प्रत्येक प्रोग्रॅम छोटा, नेटका आणि आपल्या कामात चोख होता. शेजारच्या दुकानात चहा संपेपर्यंत जे काम होई, त्याला कटऱ्यांकडे दिवस जाई. मधला एखादा टप्पा राहिला, तर पुढचा प्रोग्रॅम तक्रार करत नसे, कारण तक्रार करणं हे त्याचं काम नव्हतं. कोहमाऱ्याच्या एका म्हाताऱ्याने अशी एक पत्रिका आधी जवळ धरून, मग हात लांब करून पाहिली होती.

"नवरदेवाचं नाव विखरून पडलं न जी," तो म्हणाला.

"जोडायचं राहिलं," कटरे शांतपणे म्हणाले. "पण पाहा, विखरलं तरी एक अक्षर कमी नाही."

मात्र या सगळ्या रचनेत कटऱ्यांचा खरा जीव होता तो जुन्या दिवसांमध्ये. रोज संध्याकाळी शटर ओढण्यापूर्वी त्या दिवशी जे काही नव्याने लिहिलं गेलं असेल ते सगळं एका सीडीवर उतरे. त्या सीडीवर एकदाच लिहिता येई, पुसता येत नसे. भिंतीवरच्या फळ्यांवर अशा सीड्या ओळीने उभ्या होत्या. हवा तो दिवस मागितला की मशीन ती सीडी मागे. सीडी घातली की तो दिवस उघडे. आजच्या दिवसातून काहीही काढता येई. होऊन गेलेल्या दिवसातून काहीच काढता येत नसे.

कामं नसत तेव्हा, म्हणजे बहुतेक दुपारी, कटरे एखादा दिवस उघडून त्यात बसून राहत. काही शोधत नसत. नुसते बसत.

"आज कुठे?" मी जिन्यावरून उतरताना विचारी.

"तान्ह्या पोळ्याचा दिवस आहे. दोन सालापहिलेचा."

"पाऊस होता का त्या दिवशी?"

ते जरा विचार करत. "पाऊस हे ठेवत नाही," ते म्हणत. "पण एका शाळेचा अर्ज अर्धाच टाइप झालेला आहे. म्हणजे लाइट गेली असेल. म्हणजे पाऊस असेल."

अशा दुपारी त्या दुकानात वेळ पाण्यासारखा साचून राहिलेला वाटे. तळाशी काय काय पडलं आहे ते दिसे, आणि कशालाही घाई नसे.

गिऱ्हाइकांना घाई असे. शिवाय त्यांना लवकरच दुसरी एक गोष्ट कळली. लग्नाचे बायोडाटा कटऱ्यांकडे होत, आणि जमेपर्यंत दरवर्षी नवे होत. दिवस पुढे जात आणि बायोडाटातलं वय मागे येई. एका मुलीचा सावळा रंग तीन मोसमांत गव्हाळ होऊन गोरा झाला होता. तिरोड्याकडचा एक मुलगा तिशी ओलांडल्यावर उंचीने वाढला होता. दुसऱ्या दुकानांत जुनी फाइल नव्या फाइलखाली गाडली जाई आणि कुणाचं काही बिघडत नसे. कटऱ्यांकडे सगळी उंची शाबूत होती.

"हे बरं नाही, तेजलाल," त्या मुलाचे वडील म्हणाले. "माणसानं काही विसरावं का नाही?"

"विसरा न जी," कटरे म्हणाले. "तुमच्यावर बंदी नाही. मशीनवर आहे."

एका पक्षाच्या तालुका पदाधिकाऱ्याने पक्ष बदलला, तेव्हा तोही आला होता. जुन्या नेत्याच्या वाढदिवशी त्याने लिहवून घेतलेला मजकूर बराच भक्तिभावाचा होता. तो काढून टाकावा, असं त्याने आधी हसत, मग न हसता सांगितलं. बाहेर जीप उभी होती.

"त्या दिवशी तुम्ही त्याच पक्षात होते जी," कटरे म्हणाले. "तो दिवस तसाच रायला. मी काय करू?"

जीप गेली. तिच्यासोबत त्या पक्षाची आणि नंतर दुसऱ्याही पक्षाची कामं गेली.

हळूहळू दुकानात येणारा एकच माणूस असा राहिला, ज्याला ती सिस्टिम मनापासून आवडत होती. ते म्हणजे बिसेन मामाजी. निवृत्त झालेले, काटकुळे, बारमाही छत्री बाळगणारे. पवार समाजातल्या सोयरिकी जमवणं आणि त्याआधी चौकशी करणं हे काम त्यांनी स्वतःहून अंगावर घेतलं होतं. मूळ घराणं माळव्यातून कुठल्या वाटेने आलं इथपासून मुलीच्या मावशीचा स्वभाव कसा आहे इथपर्यंत त्यांची चौकशी चाले. पूर्वी त्यासाठी ते गावोगाव फिरत, ओसऱ्यांवर चहा घेत आणि लोक सांगतील त्यातलं अर्धं सोडून देत. कटऱ्यांच्या फळ्या पाहिल्यावर त्यांनी फिरणं कमी केलं. आडनाव टाकून शोध कसा घ्यायचा, हे त्यांनी शिकून घेतलं. साठी उलटलेला हा माणूस पाचही प्रोग्रॅमची नावं बिनचूक सांगे.

"तेजलाल, माणूस खोटं बोलते," ते पिवळ्या पडद्याकडे पाहत म्हणत. "हे बोलत नाही. समाजासाठी मोठं काम करून राहिला तू."

 मामाजी येणार असले की त्या सकाळी पडद्यावरची धूळ ओल्या फडक्याने पुसलेली असे.

छाया पटले आल्या ती दुपार लोडशेडिंगची होती. मी खाली पेपर वाचत बसलो होतो. पंखे बंद होते. गल्लीत आवाज नव्हता. इन्व्हर्टरवर एकच मशीन चालू होतं. सालेकशाकडच्या एका गावात त्या शिक्षिका होत्या आणि पॅसेंजरने आल्या होत्या. उन्हातून आत आल्यावर अंधाराला डोळे सरावेपर्यंत त्या दारात उभ्या राहिल्या.

"कटरेभाऊ, ओळखलं का?"

"तुमच्या पत्रिकेत 'स्नेहभोजन' दोनदा आलं होतं," कटरे म्हणाले. "एक मी काढलं."

"तीच पत्रिका. ती काढून टाका म्हणून आली मी."

"ती काढली तेव्हाच. लग्न मोडलं म्हणून तुमचे भाऊ सांगून गेले, त्याच दिवशी."

"आणि जुन्या दिवसातून?"

"तो दिवस होऊन गेला न."

छायाबाई स्टुलावर बसल्या. मी उठू लागलो, तर त्या म्हणाल्या, बसा, तुमच्यापासून लपवण्यासारखं काही नाही. मग त्यांनी सांगितलं ते सरळ होतं. दोन वर्षांपूर्वी त्यांचं लग्न ठरलं होतं. पत्रिकेचा मजकूर सकाळी कटऱ्यांकडे दिला, संध्याकाळी नमुना निघाला. दुसऱ्या दिवशी मुलाकडून नकाराचा निरोप आला. कारण सांगितलं नाही. पत्रिका छापली गेली नाही, कुणाला दिली गेली नाही. ती दोन घरं आणि हे दुकान सोडून कुणाला कळलं नाही. आता दुसरीकडे जमत आलं होतं. मुलगा देवरीच्या बाजूला शिक्षक होता.

"त्याले मी सगळं सांगितलं," छायाबाई म्हणाल्या. "तो म्हणाला, बरं. एवढंच म्हणाला. मले ते आवडलं. पण त्याचे मामा येत्या रविवारी इथं येऊन राहिले, पटले नाव शोधायले."

"कोण मामा?" कटऱ्यांनी विचारलं. विचारताना त्यांना उत्तर माहीत असावं.

"बिसेन."



"त्यांले ती पत्रिका दिसली, का मग ते विचारतील, काऊन मोडलं," त्या म्हणाल्या. "ते मलेच माहीत नाही, भाऊ. मले कोणी सांगितलंच नाही. मग ते आपल्या मनानं एखादं कारण लावतील. आणि ते लावलेलं मग जन्मभर माझं."

कटऱ्यांनी त्यांना सिस्टिम समजावून सांगितली. अपवाद न करणारी माणसं अपवाद मागणाऱ्याला नियम जास्त प्रेमाने सांगतात, तसं. तो मजकूर एकाच सीडीवर आहे. पण ती सीडी बदलून, तेवढं वगळून दुसरी बनवता येत नाही. कारण प्रत्येक सीडीच्या अंगावर आधीच्या सीडीची खूण असते. एक बदलली की पुढची म्हणते, मी इले ओळखत नाही. अशी ती साखळी आहे. हेच या रचनेतलं सगळ्यात सुंदर काम आहे.

छायाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. वर्गात एखादा मुलगा चुकीचं उत्तर फार छान पाठ करून आला असेल, तर शिक्षक ऐकून घेतात तसं.

"तुमच्या मशीनले काही होत नाही, भाऊ," त्या म्हणाल्या. "मले होते."

 कटऱ्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग फळ्यांकडे, मग रस्त्यावरच्या उन्हाकडे. मला वाटलं, जीपवाल्याला दिलेलंच उत्तर ते आता देतील. ते उठले. शोधावं लागलं नाही. मधल्या फळीवरून त्यांनी एक सीडी काढली, शर्टाने पुसली आणि त्यांच्यासमोर धरली.

"मोडणं माझ्याच्यानं होणार नाही. तो दिवस आहे. तुम्ही घेऊन जा."

"मग मशीन बंद पडेल न?"

"नाही. ते मागेल. नाही मिळाली तर वाट पाहील." ते थांबले. "त्याले वाट पाहणं चांगलं जमते."

पॅसेंजरची वेळ झाली होती. छायाबाईंनी सीडी पर्समध्ये ठेवली, धन्यवाद म्हणण्यासाठी तोंड उघडलं आणि ते न म्हणताच त्या स्टेशनच्या दिशेने भरभर गेल्या. फळीवर त्या जागी बोटभर फट राहिली. कटऱ्यांनी शेजारच्या सीड्या सरकवून ती बुजवली. मग पुन्हा होती तशी केली.

रविवारी मामाजी आले. त्यांनी छत्री दाराला टेकवली, चष्मा पुसला आणि नेहमीच्या खुर्चीत बसले. दुकानात आणखी दोघे-तिघे होते. एक जण झेरॉक्ससाठी थांबला होता, बाकीचे मामाजी काय शोधतात ते पाहायला. मामाजींनी पटले हे नाव टाकलं. मशीन एकेक सीडी मागत गेलं, कटरे देत गेले. एका पटल्यांचं पाण्याच्या पंपाचं बिल निघालं, दुसऱ्या पटल्यांच्या नातवाचं बारसं निघालं. मग पडद्यावर एका दिवसाची सीडी मागणारी ओळ आली.

कटरे हलले नाहीत.

"दे न," मामाजी म्हणाले.

"ती नाही जी."

"नाही म्हणजे?"

"बिघडली."

मामाजी हसले. त्यांना ती थट्टा वाटली. "तेजलाल, तुझी सीडी बिघडते काय? तूच सांगितलं न मले, एकदा लिहिलं का लिहिलं."

"सांगितलं होतं जी. चुकीचं सांगितलं." कटरे बसल्या जागी सरळ झाले होते. त्यांचा आवाज लिहून आणलेलं वाचल्यासारखा होता. "डिझाइनमध्येच खोट आहे. पहिलेपासूनच होती. मले दिसली नाही."

झेरॉक्सवाला मान वर करून पाहू लागला. गोंदियात बऱ्याच लोकांनी कटऱ्यांच्या सिस्टिमला नावं ठेवली होती. कटऱ्यांनी ठेवलेली कुणी ऐकली नव्हती.

मामाजी काही वेळ त्या ओळीकडे पाहत बसले. मशीन वाट पाहत होतं. त्याला घाई नव्हती.

"एक बिघडली," ते म्हणाले, "मग बाकीच्यांचा तरी काय भरोसा?"

इथे कटऱ्यांना हो-ना करायला जागा होती. बाकीच्या चांगल्या आहेत, असं म्हणता आलं असतं. ते खरंही होतं. मी त्यांच्याकडे पाहत होतो. त्यांनी एकदा फळ्यांवरून नजर फिरवली.

"नाही जी," ते म्हणाले. "बाकीच्यांचाही ठेवू नका."

मामाजींनी चष्मा काढून खिशात ठेवला. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. एखाद्या घराबद्दल फार चांगलं ऐकून आल्यावर तिथला चहाही न घेता उठावं लागतं, तसे ते उठले. दारात छत्री उघडली आणि बाहेर ऊन असल्यासारखे सावकाश निघून गेले. बाहेर ढग होते.

पुढचं मला वार्ताहर म्हणून तुकड्या-तुकड्यांत कळलं. मामाजींनी पुन्हा जुन्या पद्धतीने चौकशी केली. ते छायाबाईंच्या गावी गेले, शाळेत गेले, दोन ओसऱ्यांवर चहा प्याले. लोकांनी सांगितलं त्यातलं अर्धं त्यांनी सोडून दिलं. उरलेलं अर्धंही चांगलंच होतं. धान घरात आल्यावर लग्न झालं. पत्रिका शेजारच्या दुकानातून छापून आली होती. कटऱ्यांना आमंत्रण होतं, ते गेले नाहीत. आहेर पाठवला.

कटऱ्यांच्या सिस्टिमचा भरोसा नाही, हे आता गल्लीत खुद्द कटऱ्यांच्या नावावर सांगितलं जाऊ लागलं. मामाजी पुन्हा आले नाहीत. पुढे माझी नागपूरला बदली झाली.

बऱ्याच वर्षांनी एका कामासाठी गोंदियाला गेलो, तेव्हा सगळ्यांच्या हातात मोबाइल आले होते. कटऱ्यांच्या दुकानात ऑनलाइन अर्ज भरणाऱ्यांची रांग होती. सगळ्या कॉम्प्युटरवर रंगीत चित्रं होती, सगळ्यांना स्टार्ट होता. केस पांढरे झालेले कटरे एकाच वेळी तिघांना उत्तरं देत होते. मला पाहून त्यांनी स्टूल दिलं. रांग संपायला दुपार झाली. मग त्यांनी अर्धं शटर ओढलं आणि आम्ही त्या अर्ध्या उजेडात चहा घेतला. मागच्या कोपऱ्यात फिकट पिवळा पडदा अजून चालू होता.

बोलता बोलता मी छायाबाईंचा विषय काढला. त्या मध्ये एकदा मुलाचा दाखला काढायला येऊन गेल्या होत्या, म्हणाले. मुलगा चौथीत आहे. हुशार वाटला.

"मामाजींसमोर तुम्ही तसं बोलाल असं वाटलं नव्हतं," मी म्हणालो.

"ते सोपं होतं जी. दुसरं जड गेलं," कटरे म्हणाले. कपातल्या चहाकडे पाहत राहिले. "त्या सीडीत आमचे बाबूजी होते."

मला लगेच कळलं नाही.

"त्याच दिवशी आले होते बाबूजी, मिलमधून, इकडे. दुकानात एकदाच आले ते. मी नवा माइक जोडून पाहत होतो. म्हटलं, बोला काही. म्हणाले, काय बोलू? म्हटलं, काहीही. ते बसून रायले. मग त्यांले वाटलं मी बंद केला. तर आपल्या मनाशीच गुणगुणले थोडं. मशीनवरचं मी मागून काढून टाकलं, सीडीत तर आहेच न म्हणून. आणि त्या हिवाळ्यात गेले."

"आणि तुम्ही ती सीडी तशीच दिली? तेवढं उतरवून घ्यायचं होतं."

"घेतलं असतं. दोन मिनिटाचं काम होतं." त्यांनी कप खाली ठेवला. "ध्यानातच नाही आलं. तिची गाडी होती न. ती गेली, मी शटर लावलं, घरी चाललो होतो, तर रेल्वे फाटकापाशी आठवलं."

एवढ्या वर्षांत कुठल्या दिवशी काय आहे हे न विसरलेला माणूस हे सांगत होता.

"मी विचारून पाहू?" मी म्हणालो. "सीडी ठेवली असेल त्यांनी."

"नाही, नाही." त्यांनी दोन्ही हात वर केले. "कायले पायजे ते सांगावं लागेल. तिच्या घरी त्या दिवसाचं नावच नको निघायले. असू द्या."

शटरच्या खालून उजेडाची पट्टी आत आली होती आणि तिच्यात धूळ तरंगत होती. कटरे तिच्याकडे पाहत होते.

"काय गुणगुणत होते ते?" मी विचारलं.

"तीच तर गंमत आहे," कटरे म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर मी पूर्वी कधी न पाहिलेलं नवल होतं. "पहिले मले पक्कं वाटे, धानाच्या रोवणीचं गाणं होतं. मग वाटलं, भजन असेल. माय म्हणते, तुझा बाप कधी गातच नव्हता. दरवेळी थोडं वेगळं आठवते जी. आता आता मले आठवून राहिलं, का शेवटी ते हसले होते."

"हसले होते?"

"सीडीत नसतील हसले," कटरे म्हणाले. "पण आता रोज हसतात."